ओके आणि लोकाटाचं झाड

माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं आणि त्याच्या दारात केर लोटणं, यांत आमच्या सूचौच्या गल्लीत फारसा फरक केला जात नाही. त्यामुळे इंग्रजी भाषेचे आमच्यावर फार उपकार आहेत. मी नवी नवरी होते तेव्हा अख्खी गल्ली पहाटे रेडिओवर इंग्रजी शिकायची. पुढे बाकीचं विसरलो. ‘ओके’ तेवढं उरलं आणि त्यात भागलं. सुनेचं ओके म्हणजे ऐकलं. नवऱ्याचं म्हणजे ऐकलं नाही. नळवाल्याचं म्हणजे पुढचा आठवडा (कुठला, ते विचारायचं नसतं). खऱ्या होकाराला आमचा चिनी शब्द आहे. तो सणासुदीला काढतो.

तीन वर्षांपूर्वी रहिवासी समितीच्या रुआनबाई दारोदार फिरल्या. आम्हाला ‘सुसंस्कृत गल्ली’ अशी पाटी मिळाली होती आणि ती माझ्या दारातल्या लोकाटाच्या झाडाआड जात होती. (पाटी हलवणं नियमात बसत नाही. झाड तोडणं बसतं.) झाड माझ्या नवऱ्याने थुंकलेल्या बीचं. तो गेला, झाड अजून फळतंय.

“झाड काढू म्हणतोय. चालेल ना, डिंगआजोबा?”

“ओके, ओके. चहा घ्या.”

प्रत्येक घराने हेच सांगितलं. संध्याकाळी शेजारचे डिंगआजोबा माझ्याकडे आले.

“वहिनी, मी काही हो म्हटलेलं नाही हं!”

“मग काय म्हटलंत?”

“ओके म्हटलं. बाई दारात उभी, तिचं मन कसं मोडणार?”

मीही ओकेच म्हटलं होतं, वर टोपलीभर फळं दिली होती.

समितीने शंभर टक्के संमती जाहीर केली. रुआनबाईंनी माझ्यासमोरच झाडं तोडणाऱ्या मियाओ मिस्त्रीला फोन लावला. “सोमवारी करवत घेऊन या!” मी झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात फोनमधून स्पष्ट ऐकू आलं, “ओके, ओके, ताई!”

माझा जीव भांड्यात पडला.

झाड आता पाटीच्या वर गेलंय. रुआनबाई अधूनमधून फोन करतात, मिस्त्री तेच उत्तर देतात, आणि दोघांचे संबंध अतिशय गोड आहेत. समितीच्या लेखी काम प्रगतिपथावर आहे. (फळांची पहिली टोपली रुआनबाईच नेतात.)

मे महिन्यात फळं पिकतात. तुम्हीही जरूर या, अगदी मनापासून सांगते.

काय म्हणालात, ओके?

बरं. मग मी चहाचं पाणी ठेवत नाही.