लहान इमारती आणि उंदरांची मनं

"बाई, वाचनालयातल्या काचेच्या कपाटातली पुस्तकं कुणी निवडली? आणि ज्यांनी निवडली त्यांनी त्यातलं एखादं तरी वाचलंय का?"

हा प्रश्न तोफेचा स्वतःचा नव्हता. तो मधल्या सुट्टीत गोटी आणि चष्मिष या तिच्या दोन मैत्रिणींनी तयार केला होता आणि "हिंमत असेल तर सगळ्या शाळेसमोर विचारून दाखव," असं म्हणून तिच्या हवाली केला होता. तोफ मागच्या वर्षापर्यंत इतकी अबोल होती की हजेरीच्या वेळी तिच्या वतीनं 'हजर' सुद्धा गोटीच ओरडायची. यंदा तिला आवाज फुटला, आणि असा काही फुटला की सगळे तिला तोफच म्हणू लागले, आणि तिचं खरं नाव शिक्षकांच्याही लक्षात राहिलं नाही. नव्या चपला घातलेलं माणूस कारण नसताना चालत सुटतं, तशी ती कारण नसताना बोलत सुटली होती. तेव्हा विचारून दाखवायला तिला हिंमत लागलीच नाही, फक्त माइक लागला.

अख्खं सभागृह मोठ्या बाईंकडे वळलं. मोठ्या बाई हसल्या. मोठ्या बाई हसल्या की शाळेला घाम फुटत असे.

"उत्तम प्रश्न," त्या म्हणाल्या. "अशाच जागरूक मुलीची आम्हाला गरज होती. आजपासून ही मुलगी ग्रंथ निवड समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी."

प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा करण्याची जुनी पद्धत त्या शाळेनं केव्हाच सोडून दिली होती. आता त्याला समितीवर घेत. 'नळाला पाणी का नाही' असं विचारणारी एक मुलगी जल समितीवर गेली होती. ती आता सगळ्यांना 'पाणी आहे, फक्त नळाला नाही' हे फार छान समजावून सांगत असे.

तोफेला मात्र कारभार हातात आल्यासारखं वाटलं. तिला समिती हवीच होती, कारण तिचा जीव एका अर्जात अडकला होता. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा अर्ज महिनाअखेरच्या शुक्रवारी द्यायचा होता. शाळेत विषयांच्या दोनच नव्या वाटा उघडल्या होत्या, वास्तुकला आणि मानसशास्त्र. तोफेनं मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "मी कुणाच्या सांगण्यावरून ठरवणार नाही. दोन्हींवरची चांगली पुस्तकं वाचणार आणि मग ठरवणार." आणि आता पुस्तकं निवडणारीच ती! देवानं पाटपाणी मांडून हाक मारावी तसं झालं.

घरी तिनं ही बातमी दिली तेव्हा बाबा पान्हे पुसत बसले होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. शहरातल्या निम्म्या इमारती त्यांनी आतून, पोटातून पाहिलेल्या होत्या.

"वास्तुकला म्हणतेस तर रविवारी चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "बाहेरून ऐटीत उभ्या असलेल्या इमारती आतून कशा कण्हतात ते दाखवतो."

"आणि मानसशास्त्र म्हणत असशील तर माझ्या खिडकीशी येऊन बस तासभर," आई म्हणाली. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर होती. "पोटात दुखतंय म्हणून येतात, पण दुखतं भलतीकडेच. नाव लिहून घेईपर्यंत मला कळतं."

तोफेनं दोघांकडे मायेनं पाहिलं. "तुमच्या सूचनांची नोंद घेतली आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही दोघंही संदर्भग्रंथ नाही ना."

"अगं बाई! समिती अजून भरली नाही तोवर ही बोली?" आई म्हणाली. बाबांनी पुढचा पान्हा घेतला.

समितीत चौघं होती. मोठ्या बाई अध्यक्ष. ग्रंथपाल सर सचिव. त्यांना पुस्तकांबद्दल इतकी आपुलकी होती की ती कुणी नेलेली त्यांना खपत नसत. मानसशास्त्राचे तज्ज्ञ म्हणून पीटीचे सर, कारण मुलांचं मन नाही म्हणत असतानाही त्यांच्याकडून मैदानाला दहा फेऱ्या मारून घेणारा शाळेत दुसरा माणूस नव्हता. आणि चौथी तोफ.

पहिल्याच बैठकीत नमुन्यादाखल आलेल्या पुस्तकांच्या तीन पेट्या समोर ठेवण्यात आल्या. तोफेनं हात चोळले. "मग, कोण कुठलं वाचणार?"

ग्रंथपाल सरांचा चहा कपातच राहिला.

"वाचायला बसलो तर निवड कधी करणार?" त्यांनी विचारलं. "साठ पुस्तकं आहेत. वाचून निवडायचं म्हणजे निवडण्याआधीच वाचून संपली. मग घ्यायची कशाला?"

यात काहीतरी चुकतंय असं तोफेला वाटलं, पण काय चुकतंय ते सापडेना. आणि ज्या युक्तिवादातली चूक आपल्याला सापडत नाही तो बरोबर असतो, असं समजण्याइतका आत्मविश्वास तिला यंदाच आला होता.

"मग निकष ठरवू," ती म्हणाली. मोठ्या बाईंनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि तिथंच घोटाळा झाला. कौतुकाच्या नजरेत तोफ लोण्यासारखी वितळत असे. त्याच दिवशी शाळा सुटण्याआधी तिनं शंभर गुणांचा तक्ता करून टाकला. मुखपृष्ठ वीस, मलपृष्ठ वीस, शेवटची विषयसूची वीस, जाडी वीस (किमान दोन बोटं, बोटं पीटीच्या सरांची), आणि एकूण रुबाब वीस. मजकुराला तिनं आधी दहा गुण ठेवले होते. पण मजकुरावरून मतभेद होतात, जाडीवरून होत नाहीत, असं ग्रंथपाल सरांनी दाखवून दिलं आणि तिनं ते दहा रुबाबात घातले. त्याआधी रुबाबाला दहाच होते.

"चष्मिष, तू बघच," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आता सगळं पारदर्शक होणार."

"पुस्तकं कशी आहेत पण?" चष्मिषनं विचारलं. ती खरोखरची वाचणारी होती आणि त्यामुळे तिला कुठल्याच समितीवर कुणी घेतलं नव्हतं.

"सरासरी अडुसष्ट," तोफ म्हणाली.

दुसऱ्या बैठकीत दोन नव्या विषयांसाठीच्या नव्या काचेच्या कपाटाचा प्रश्न आला. कपाट आधी आलं होतं, पुस्तकं नंतर यायची होती. कपाटाच्या कप्प्याची उंची अकरा इंच. वास्तुकलेची झाडून सगळी पुस्तकं तेरा इंच. ती आडवी ठेवली तर कप्प्यात चारच मावत, आणि वरून आलेल्या परिपत्रकात तर स्पष्ट लिहिलं होतं, 'प्रत्येक विषयाचे किमान वीस ग्रंथ उभे असावेत.'

"कप्पे वर सरकवता येणार नाहीत का?" तोफेनं विचारलं.

"कपाट जडवस्तू नोंदवहीत आहे," ग्रंथपाल सर म्हणाले. "अकरा इंची म्हणून नोंदलंय. बारा इंची केलं तर अकरा इंची कपाट गेलं कुठं, हे कुणी सांगायचं?"

सगळे विचारात पडले. आणि मग तोफेला ती कल्पना सुचली, जिचा तिला पुढं आठवडाभर अभिमान वाटला.

"मोठ्या इमारतींची पुस्तकं मोठी असणारच," ती म्हणाली. "आपण लहान इमारतींची घेऊ!"

पीटीच्या सरांनी टाळी वाजवली. इतिवृत्तात नोंद झाली: 'विद्यार्थी प्रतिनिधींच्या सूचनेवरून लहान इमारतींस प्राधान्य देण्याचे सर्वानुमते ठरले.' आपल्याला कुणीतरी 'प्रतिनिधींच्या' असं आदरार्थी लिहिलंय, हे पाहायला तोफेनं तो कागद तीनदा वाचला. त्या महिन्यात तिनं पुरतं वाचलेलं ते एकमेव पान.

वास्तुकलेच्या यादीत मग नव्यानं मागवलेली, अकरा इंचांत मावणारी वीस पुस्तकं बसली. कोंबड्यांची खुराडी, पहारेकऱ्यांच्या चौक्या, तिकीट खिडक्या, बागेतली स्वच्छतागृहं, आणि पक्ष्यांची टांगती घरटी (दोन खंड).

मानसशास्त्राचं वेगळं होतं. ती पुस्तकं अंगानं आटोपशीर, पण आतून धोकादायक निघाली.

"'भीती' नको," पीटीचे सर विषयसूचीवर बोट फिरवत म्हणाले. "मुलं घाबरतील. 'राग' नको, पालक येतील. 'ताण' तर मुळीच नको. मला आत्ता नुसता शब्द वाचून आला."

"'पौगंडावस्था'?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी तोफेकडे पाहिलं. तोफ समितीची जबाबदार सदस्य होती. "विद्यार्थ्यांना त्याची गरज नाही," ती गंभीरपणे म्हणाली.

माणसाच्या मनात आक्षेपार्ह नाही असं काही उरेना, तेव्हा ग्रंथपाल सरांनी उंदरांची पुस्तकं पुढं केली. उंदीर चक्रव्यूहात कसा शिकतो, कसा विसरतो, दाणा मिळाला नाही तर कसा वागतो. उंदरांच्या मनाविषयी आजवर एकाही पालकाची तक्रार आली नव्हती. वीस ग्रंथ, सगळे दोन बोटं जाड.

अशा रीतीनं, आपलं आयुष्य खुराडी बांधण्यात घालवायचं की उंदरांची मनं जाणून घेण्यात, एवढंच तोफेला आता ठरवायचं उरलं होतं.

एक गोष्ट मात्र मध्येच घडली. नाकारलेली पुस्तकं पेटीत परत भरायचं काम तिच्याकडे होतं. त्यातलं एक तेरा इंची पुस्तक नुसत्या जिन्यांवर होतं. तिनं ते उंची पुन्हा तपासायला घेतलं आणि ते हातात उघडलं. पायऱ्या चढताना पाय उंची लक्षात ठेवतो, डोळा नाही, असं तिथं लिहिलं होतं. एखादी पायरी अर्ध्या इंचानं जरी उंच असली तरी दिसत नाही, पण माणूस तिथं हमखास ठेचकाळतो आणि वरून स्वतःलाच वेंधळा म्हणतो. तोफ पट्टी घेऊन धावली. शाळेच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर रोज निम्मी शाळा अडखळायची. खुद्द मोठ्या बाईही. तिनं मोजलं. अर्धा इंच! बरोबर अर्धा इंच!

ती पायरीवरच बसली. हे दगडाविटांचं होतं आणि माणसांच्या मनाचंही होतं. दोन्ही एकाच पायरीत! तिला ओरडावंसं वाटलं. ती तशीच धावत बैठकीत शिरली. "बाई, आपल्या जिन्यात ना… त्या पुस्तकात लिहिलंय की…"

"तू पुस्तक उघडलंस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

 ग्रंथपाल सरांनी नियमांचा कागद वळवून तिच्यासमोर ठेवला. नियम चार: नमुनाप्रत निवडीपूर्वी विषयसूचीखेरीज उघडू नये, निवडीनंतर उघडण्याचे कारण उरत नाही. नियमाखाली चार सह्या होत्या. चौथी, वळणदार, तोफेची.

ती एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं. तेवढ्यासाठीच तर तिला आवाज फुटला होता. पण समोर तिच्या खुर्चीवर 'विद्यार्थी प्रतिनिधी' असं लिहिलेली पाटी होती, आणि पाटी फार सुबक होती.

"चुकून उघडलं," तोफ म्हणाली. "पुन्हा होणार नाही."

बाहेर चष्मिष उभी होती. "तू ओरडत पळालीस ते ऐकलं मी. जिन्यांचं पुस्तक आहे ना ते? मला दे ना एक दिवस. मी जपून वाचीन."

"लेखी अर्ज दे," तोफ म्हणाली. "तीन प्रतींत."

चष्मिषनं चष्मा वर सरकवला. "तुझा आवाज मागच्या वर्षी बरा होता," एवढंच म्हणून ती निघून गेली. तोफेनं हे वाक्य मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत लावून घेतलं. पेटी दुसऱ्या दिवशी परत गेली. चाळीस ग्रंथ कपाटात उभे राहिले, कुलूप लागलं, किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये गेली, आणि समितीचा काचेसमोर फोटो निघाला. फोटोत तोफ मधोमध आहे.

शुक्रवार उजाडला. अर्ज जेवणाच्या टेबलावर होता. तिचा निर्णय ऐकायला आईनं दवाखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं होतं; बाबांनी एका इमारतीला अर्धा तास लिफ्टविना पायऱ्या चढायला लावलं होतं.

"बोल बाळा," बाबा म्हणाले. "वास्तुकला?"

"की मानसशास्त्र?" आई म्हणाली. "महिनाभर पुस्तकांत बुडाली होतीस. काहीतरी ठरलं असेलच."

तोफेनं अर्ज पुढं ओढला. दोन्ही चौकोन तिनं कोरे सोडले होते आणि खाली 'इतर' लिहिलेल्या ओळीवर वळणदार अक्षरांत एकच शब्द लिहिला होता.

"'निवड'?" आईनं वाचलं. "अगं, काय निवडणार ते लिही ना!"

"काय ते नाही गं आई. नुसती निवडणार." तोफेचे डोळे चमकत होते. "मला खरं सांगायचं तर दोन्हींतलं काही येत नाही, आणि एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. पण इतरांनी काय वाचावं ते मला आता फार छान ठरवता येतं. मी ठरवलंय, मी तेच करणार."

"आणि ते वाचणार कोण?" बाबांनी विचारलं.

"वाचणाऱ्यांची काय कमी आहे, बाबा? नीट छापून समोर ठेवलं की झालं. कुणी निवडलं, कशासाठी निवडलं, एका शब्दानं विचारत नाहीत बिचारे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसतात."