भगिनी मंडळाची शेवटची भगिनी

संस्था अपयशानं बुडते, हा गैरसमज आहे. आष्ट्याच्या कॉलेजातलं भगिनी मंडळ १९७४ साली बंद पडायला आलं ते निव्वळ यशामुळं.

मंडळाचं ध्येय विद्यार्थिनींचा सर्वांगीण विकास. साधन, वार्षिक हळदीकुंकू. (विकास कितपत झालाय ते पाहायला पंचक्रोशीतल्या भावी सासवा जातीनं हजर असत.) लग्न झालं की सभासदत्व संपायचं. उंब्रजची शाखा एका लग्नसराईत संपली, माधवनगरची पुढच्या. आष्ट्यात उरली एकटी शालन. अध्यक्ष तीच, चिटणीस तीच. ठराव मांडायची, पण अनुमोदनाला कुणी नसल्यानं तो बारगळायचा.

तेव्हा कॉलेज समितीचे चेअरमन दादासो यांनी मंडळाची खोली कुस्तीच्या पोरांना द्यायचं ठरवलं. (पैलवान लग्नानंतरही पैलवानच राहतो.)

फौजेतून परतलेल्या शालनच्या वडिलांनी, 'पोरींस्नी येगळी खोली हाय' एवढ्याच भरवशावर तिला कॉलेजात धाडलं होतं. खोली गेली की कॉलेज गेलं. ती दादासोंकडं गेली.

"आवं काका, माझं बी.ए. तरी हुंद्या."

"तुझी अडचण ठावं हाय मला. म्हणून तर स्थळ बघितलंय. लय शांत पोरगं हाय. लगीन झालं की कॉलेजच न्हाई, मग खोली कशाला?"

तर्कात खोट नव्हती. शालन उठली ती थेट मनुबाईकडं गेली. मनुबाई मंडळाची माजी चिटणीस, आता कडेवर पोर.

"मनुताई, रविवारी मंडळात मला बघायला येणार हायत, अशी गावात आवई उठव."

"खरंच येणार हायत?"

"तू उठीव तर."

सुनेला मीटिंगला कोण सोडतं? पण मुलगी बघायला सासू स्वतः घेऊन निघते. रविवारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. शालननं पदर सावरून चहा दिला, मग उभी राहिली.

"लगीन झालं की बहीण बहीण ऱ्हात न्हाई, असं ज्यांचं मत असंल त्यांनी हात वर करा."

दारात उभ्या दादासोंचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुढच्याच रांगेत त्यांच्या थोरल्या बहीण लीलाबाई बसल्या होत्या, आणि मान वळवून त्यांच्याकडंच बघत होत्या.

ठराव झाला. साऱ्या सुना पुन्हा सभासद झाल्या, खोली राहिली. शालन बी.ए.ला पहिल्या वर्गात आली आणि पुढं त्याच कॉलेजात इतिहास शिकवू लागली.

वाचकांनी हे सगळं मन लावून वाचलं, याबद्दल मंडळ आभारी आहे. आता जिभेवर आलेलं उगाच गिळू नका, विचारून टाका: मग पुढं तिचं लग्न झालं का?