कंपनी फिटिंगची आत्या

त्या वर्षीपासून नव्या गाडीच्या मागच्या सीटवर कंपनीची आत्या बसवून मिळू लागली. सक्ती अजिबात नव्हती. सीट कव्हर, मडफ्लॅप, मागचा कॅमेरा यांच्यासारखीच ती जादा साहित्यात मोडायची; हवी तर घ्या, नको तर राहू द्या. पण 'नको तर राहू द्या' म्हटलेली वस्तू आपल्याकडे कुणी राहू दिलीय का? मिरजेत बिनआत्याची नवी गाडी दिसली की लोक सरळ विचारायचे, "जुनी घेतली वाटतं?"

निशिकांत आवटीचं मिरजेत मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरींत तांब्याची तार भरता भरता त्यानं गाडीचं स्वप्न पाहिलं, आणि त्याच भरात आईला शब्द देऊन बसला, "आक्का, गाडी आली की पहिली फेरी समुद्राला." आक्काचं माहेर कृष्णाकाठचं, सासरही कृष्णाकाठचं. पाणी म्हटलं की त्याला पलीकडचा काठ असायचाच, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. समुद्राला तो नसतो, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं आणि तेव्हापासून तिला चैन नव्हतं. "एकदा स्वतः बघायचंय बाबा," ती म्हणायची. "लोक काय, काहीही सांगतात."

तर एका शनिवारी निशिकांत, त्याची बायको सुनेत्रा आणि आक्का असे तिघं शोरूममध्ये गेले. आक्काला तो स्कूटरवरून घेऊन आला आणि सुनेत्रा रिक्षानं. गाड्या विकणारे कोष्टी साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, गाडीचा रंग ठरवून घेतला, मॅटिंग ठरवून घेतलं, आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"आता आत्या. यात तीन प्रकार येतात. साध्यातल्या आत्या फक्त 'सावकाश' म्हणतात. मधल्या प्रकारात 'सावकाश' आहेच, शिवाय त्या पिशव्या मोजतात, घाटात आवळासुपारी देतात आणि टोलनाक्यावर भांडतात. टॉपमधल्या आत्या रस्ता चुकला की 'मी मघाशीच म्हटलं होतं' म्हणतात."

"म्हणजे त्यांना रस्ते माहीत असतात?" सुनेत्रानं विचारलं.

"नाही वहिनी. चुकल्यावर म्हणतात."

मधला प्रकार दोघांनाही पसंत पडला. लुगड्याचा रंग सीट कव्हरला मिळताजुळता मिळेल, असं कोष्टींनी सांगितलं तेव्हा तर सुनेत्रा हरखलीच. पण बाई मुळात हिशेबी. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पण आपल्या आक्का आहेत की. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला?"

कोष्टींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, बाहेरचं फिटिंग केलंत की वॉरंटी गेली."

"बाहेरचं कुठलं? आई आहे ती माझी. घरचं माणूस," निशिकांत म्हणाला.

"कंपनीच्या दृष्टीनं घरचं म्हणजेच बाहेरचं, साहेब."

"बरं, आत्या घेतलीच नाही तर? आक्का मागं नुसती बसेल. फिटिंग नाही, काही नाही."

"बोलणार का त्या?"

तिघांनी वळून बघितलं. आक्का काचेच्या दारापाशी उभी होती. बाहेर कुणी एक गिऱ्हाईक चाचणीची गाडी मागं घेत होतं, आणि आक्का पदर खोचून दोन्ही हात हलवत ओरडत होती, "खांब! अरे मेल्या, मागं खांब आहे!"

"बोलणार," निशिकांत पडल्या चेहऱ्यानं म्हणाला.

"मग ते फिटिंगच झालं." कोष्टींना वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम. "कंपनीनं याच्या रीतसर चाचण्या घेतल्यात. सख्खी आई मागून 'सावकाश' म्हणाली की चालक वेग वाढवतो. तेच परकी बाई म्हणाली की मुकाट कमी करतो. म्हणून कुणाचीही आई तिच्या मुलाच्या गाडीत बसवत नाहीत. पिकतं तिथं विकत नाही, यावरच तर सगळं इंजिनिअरिंग उभं आहे."

निशिकांतला वाद घालायचा होता. पण येताना स्कूटरवर आक्का "हळू रे" म्हणाली होती आणि आपण काय केलं, ते त्याला आठवलं.

"फक्त आत्यासाठी थोडं थांबावं लागेल," कोष्टी पुढे म्हणाले. "गाड्या पडून आहेत, आत्याच मिळत नाहीत. चांगली बाई हल्ली कुठं राहिलीय?" एवढ्यात ते गाडी मागं घेणारं गिऱ्हाईक घाम पुसत आत आलं. "मावशींमुळं वाचलो," म्हणालं आणि मटकन खुर्चीत बसलं.

कोष्टींनी चष्मा पुन्हा लावला आणि आक्काकडे नीट पाहिलं. "मावशी, घाटात उलटी होते का?"

"आल्याचा तुकडा ठेवते तोंडात."

"टोलनाक्यावर भांडाल?"

"त्यात काय भ्यायचंय?"

"बाहेरगावी राहायची तयारी आहे?"

आता आक्कानं उलट विचारलं, "गाड्या समुद्राकडं जातात का हो?"

"मावशी, नवी गाडी घेतलेला माणूस आधी समुद्रच गाठतो."

"मग मला घ्या की," आक्का म्हणाली.

"आक्का!" निशिकांत ताडकन उठला. "मी नेतो म्हटलंय ना तुला?"

"कसा नेशील बाळा? वॉरंटी आहे ना तुझी." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"वॉरंटी पाचच वर्षांची आहे," कोष्टी समजुतीनं म्हणाले. "नंतर खुशाल बसवा मावशींना."

"आणि माझी किती वर्षांची आहे?" आक्कानं विचारलं. कोष्टी माहितीपत्रकाची पानं उलटू लागले.

गेली खड्ड्यात तुमची वॉरंटी, असं निशिकांतच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गडी मोटरीच्या धंद्यातला. वॉरंटी संपलेल्या वस्तू लोक कशा पोत्यात घालून आणतात, ते रोज बघणारा. ओठांवरचं ओठांवरच राहिलं. सुनेत्रानं मधल्या प्रकारापुढे खूण केली आणि कोष्टींनी आक्काची उंची मोजून घेतली.

पुढच्याच आठवड्यात कंपनीची व्हॅन येऊन आक्काला घेऊन गेली. जाताना तिनं तुळशीला पाणी घातलं, सुनेत्राला लोणच्याची बरणी कुठं आहे ते सांगितलं आणि आल्याचा एक गड्डा कनवटीला लावला. कंपनीतून तिचा एकदा फोन आला. "ट्रेनिंग कसलं डोंबलाचं! आम्हीच शिकवतोय त्यांना," एवढं बोलून तिनं ठेवून दिला.

यथावकाश गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, बॉनेटला एक हार घातला आणि आत्यांना एक. आत्या वाशीमकडच्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, शांत. नव्या गाडीचं प्लास्टिक इतक्यात काढायचं नसतं, म्हणून सुनेत्रानं सीटवरचं काढलं नाही आणि आत्यांच्या खांद्यांवरचंही काढलं नाही. सकाळी ती काचेतून त्यांना चहा द्यायची. आत्या बशीत ओतून प्यायच्या आणि कपबशी पुसून परत करायच्या.

गाडी रस्त्यावर काढली की मागून मऊ आवाज यायचा, "कायले घाई करून राह्यला बाप्पा?" आणि निशिकांतचा पाय आपोआप वर यायचा. कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. दर वेळी पाय वर आला की त्याच्या जिवाला लागायचं. या बाईचं आपण ऐकतो, आणि जिनं जन्म दिला तिच्या बोलण्यावर इतकी वर्षं अॅक्सिलरेटर दाबला!

समुद्राला जायचं तो टाळत राहिला. आक्काला सोडून कोणत्या तोंडानं जायचं? शेवटी कोष्टींचाच फोन आला. पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी गाडीला समुद्र दाखवला नाही तर वॉरंटी जाते, म्हणाले. झालं. घाट उतरून तिघं कोकणात गेली.

किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या गाड्यांची तोंडं पाण्याकडे, आणि प्रत्येक गाडीत मागची काच खाली करून एकेक आत्या बसलेली. मालक मंडळी वाळूत भेळ खात होती. निशिकांतनं रांगेतली मोकळी जागा बघून गाडी लावली, उतरला, आणि जागच्या जागी थांबला. शेजारच्या पांढऱ्या गाडीत आक्का होती.

"आक्का!"

"ओरडू नकोस. आमचे डॉक्टर झोपलेत." पुढच्या सीटवर नांदेडचे दातांचे डॉक्टर सीट आडवी करून घोरत होते. "नांदेडपासून आणलीय गाडी, दमलेत बिचारे."

"समुद्र बघितलास?"

"तिसऱ्यांदा बघतेय. डॉक्टरांना फार नाद." तिनं पाण्याकडे बोट केलं. "नाही रे खरंच, पलीकडं काठ नाही. पहिल्या वेळेस वाटलं, धुक्यामुळं दिसत नसेल. म्हणून पुन्हा नीट बघितला."

"मी आणणार होतो तुला," निशिकांत म्हणाला. चार माणसांत, भेळवाल्यासमोर, त्याला रडू फुटलं.

"आणणार होतास. मला ठाऊक नाही का?"

"चल घरी. वॉरंटी गेली तर गेली."

"तुझी जाईल ती जाऊ दे, पण यांचीही जाईल ना. भला माणूस आहे. मी 'सावकाश' म्हटलं की 'हो आत्या' म्हणतो." तिनं पिशवीतून आवळासुपारी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "कंपनीची आहे, एकच घे. आणि डोळे पूस आधी."

तेवढ्यात निशिकांतच्या गाडीतून वाशीमच्या आत्यांनी मान बाहेर काढली. "तुमचा काय हा पोरगा? ब्रेक लय उशिरा मारते."

"लहानपणापासनं," आक्का म्हणाली.

डॉक्टर जागे झाले. त्यांनी निशिकांतला नमस्कार केला, सीट सरळ केली आणि गाडी सुरू केली. काच वर जाताना आक्का म्हणाली, "सावकाश जा रे."

परतीच्या घाटात निशिकांतनं गाडी जी हळू घेतली, ती घेतलीच. ट्रक पुढे गेले, एसटी पुढे गेली, उसाची रिकामी ट्रॉलीसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेली. सुनेत्रा शेवटी वैतागली. "अहो, गाडीत काही बिघाड आहे का?"

"नाही. कंपनीच्या आत्यांनी सावकाश जायला सांगितलंय."

"मी तं काहीच नाही बोलली बाप्पा," मागून आवाज आला.

"तुम्ही नाही, आत्या," निशिकांत म्हणाला, आणि पुढचं वळणही त्यानं दुसऱ्या गिअरमध्येच घेतलं.