निवृत्तीभाऊंचे मागचे दिवे

निवृत्तीभाऊंच्या मोटारीला पुढचा एकच दिवा लागायचा. मागचे मात्र ट्रकचे, बशीएवढे, भंगारातून हुडकून आणलेले. कुणी टोकलं तर म्हणायचे, "म्होरचं मला दिसतंय की! मागच्याला मी दिसाया पायजे."

बैलजोडी विकून त्यांनी ही हैद्राबादची जुनी मोटार घेतली होती. रोज दिवेलागणीला सेलू स्टेशनवर जायचे, पॅसेंजरच्या सवाऱ्या घ्यायला. त्याआधी शेजारी म्हणून माझी कवायत. शाळेतून येऊन जरा पाठ टेकावी, तर हाक, "मास्तर, मागं या!" मागं उभं राहून कोणता दिवा लागला ते मी ओरडून सांगायचं. ब्रेक दाबला की उजवा पेटायचा, डावा विझायचा. डाव्याला थापटलं की उजवा रुसायचा.

"लय हट्टी जोडी," भाऊ म्हणायचे. "एक वढतो, दुसरा बसतो."

एका पोळ्यानंतर दोन्ही ठप्प. भाऊंनी बल्ब बदलले, वायर बदलली, बॅटरीच्या सात पिढ्या उद्धारल्या. मी वैतागलो. "अहो, मागच्या दिव्यावाचून अडलंय काय?"

"तुमचं न्हाई अडलं. माझं अडलंय."

आणि मोटारीखाली शिरले. बाहेर आले ते कपाळ बडवतच. बैल गेले तरी पोळा सुटला नव्हता. दर पोळ्याला मोटार धुवायची, बॉनेटला पुरणपोळी दाखवायची आणि शिंगं रंगवल्यासारखा दिव्यांच्या पत्र्याला ऑइलपेंट फासायचा! बोल्टाखालीसुद्धा थरावर थर. दिव्यातल्या विजेला पत्र्यातून बॅटरीकडं परत जायला उघडं लोखंडच उरलं नव्हतं.

"आरं माझ्या कर्मा! लाडानंच घात केला की."

रंग खरवडला आणि दोन्ही दिवे झगझगीत पेटले. मी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, आमची ही रोज दारात उभी राहती. मोटार वळणाआड जाईस्तोवर आत जात न्हाई. दोन-तीन सालांत तिची नजर पार अधू झाली. डाक्टरनं हात टेकले. म्हून दिवे मोठे करायलोय. आज तिला दिसतंय का, तेवढं बघा."

मोटार निघाली. वळणावर भाऊंनी ब्रेक दाबून धरला, गल्ली तांबडी झाली. मग मोटार वळली. इंजिनाचा आवाज येत होता, दिवे केव्हाच आड गेले होते. दारातून गयावहिनी हसून म्हणाल्या, "लय झकास वो मास्तर. अजून दिसायलेत बघा."



परत आल्यावर भाऊंनी विचारलं. खोटं बोलायला जीभ रेटेना, जे झालं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर भाऊ मोटारीच्या मागं भोंगा बसवायलेत, तोंड घराकडं करून. गल्ली फिदीफिदी हसली. "भोंगा कुणी मागं लावतं का वो?" भाऊ स्क्रू आवळत राहिले.

दिवेलागणीला मोटार गेली. दिवे वळणाआड झाले, आणि भोंगा वाजायला लागला. वाजतच राहिला, पार स्टेशनापर्यंत. तोवर गयावहिनी दारात उभं राहून हात हलवत होत्या.