मे महिन्यातला संत्र्याचा वास

काटोलच्या इंदूबाई मे महिन्यात लेकाच्या नागपुरातल्या, बेसा भागातल्या फ्लॅटवर आल्या, नातीच्या खोलीत डोकावल्या आणि सुनेला म्हणाल्या, “संत्रं तर कवाचं सरलं. मग पोरीच्या खोलीत वास काहून येऊन राहिला वं?”

प्रीतीनं ते हसण्यावारी नेलं. सासूबाईंचा जन्म संत्र्याच्या बागेत गेलेला. त्यांना फिनाईललाही संत्र्याचा वास आला असता. रूम फ्रेशनर असेल, असं म्हणून ती कुकर लावायला गेली. चार दिवसांनी इंदूबाई काटोलला परतल्या. वास तिथेच राहिला.

प्रीतीची काळजी वेगळी होती. दहावीची परीक्षा झाल्यापासून तिची लेक भूमिका गप्प झाली होती. क्लासहून आली की दार लावून घ्यायची. जेवायला हाक मारली तर फटीतून फक्त “भूक नाही” बाहेर यायचं. एकदा ती आपणहून स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती. “आई, माझं कशातच मन नाही लागून राहिलं.” पोळी लाटता लाटताच प्रीतीनं तिला बदाम भिजवून खा, मोबाइल कमी कर, व्यायाम कर, असं सगळं एका दमात सांगितलं. पोळी फुगली तोवर दार रिकामं होतं.

बदामांनी काही झालं नाही, तेव्हा प्रीतीनं व्यायाम हाती घेतला. नागपूरच्या मे महिन्यात पळायचं तर सूर्याच्या आधी, म्हणून उजाडताना तिनं पोरीला सोसायटीच्या ट्रॅकवर उभं केलं. अर्ध्या फेरीतच भूमिका छाती धरून बाकावर बसली. पंधरा वर्षांची मुलगी, आणि सत्तरीच्या बाईसारखी धापा टाकत होती. प्रीतीला सत्तरीची एक बाई आठवली. इंदूबाईंना दमा होता.

त्याच दिवशी भूमिकाच्या बॅगेत तिला बोटभर लांबीची, तोंडात धरायची नारिंगी नळी सापडली. सासूबाईंचा पंप निळा होता. हा नवीन प्रकार असावा. आईबापाला त्रास नको म्हणून पोरीनं गुपचूप पंप आणला, या विचारानं प्रीतीला रडू आलं.

“हा दम्याचा पंप आहे ना गं?”

भूमिकानं आधी नळीकडे पाहिलं, मग आईच्या डोळ्यांकडे. “हो,” ती म्हणाली.

मग घर हललं. हा दमा तुमच्याकडूनच आला, हे प्रीतीनं नवऱ्याला फोनवरच ऐकवलं. अश्विन धरमपेठेतल्या बँकेतून सुट्टी टाकून घरी आला. शेजारची मिनल अडुळशाचा काढा घेऊन आली. प्रीतीनं आपली गादी मुलीच्या खोलीत टाकली आणि तिचे केस विंचरत बसली. भूमिका कडू काढा तक्रार न करता प्यायली, पोटभर जेवलीसुद्धा. दमा तिला मानवला होता.

दुसऱ्या दिवशी काटोलच्या बसनं इंदूबाई आल्या. त्यांनी ती नळी उलटसुलट केली, नाकाशी नेली आणि सुनेच्या हातात परत ठेवली.

“हा पंप नाही वं. हाच तो वास. यानं दमा जात नाही, येते.”

अश्विननं नळीवरची बारीक अक्षरं वाचली आणि खुर्चीत बसला. ते व्हेप होतं, संत्र्याच्या वासाची ई-सिगारेट. प्रीतीचा आवाज चढला. इतकं खोटं काहून बोललीस, तिनं विचारलं.

“दमा तूच म्हणाली. मी फक्त हो म्हटलं.” भूमिकाच्या हातात काढ्याचा पेला तसाच होता. “मन लागत नाही म्हटलं, तर तू बदाम दिले. दम लागला, तर बाबांनी सुट्टी टाकली.”

इंदूबाईंनी आपला निळा पंप काढून ओढला. खरा दमा त्या घरात त्यांनाच होता.

सोमवारी मायलेकी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे निघाल्या. लिफ्टमध्ये मिनल भेटली.

“दम्याच्याच डॉक्टरकडे चालल्या ना?”

प्रीतीनं तोंड उघडलं. सोसायटीच्या ग्रुपवर दमा तिनंच मोठ्या अभिमानानं टाकला होता.

“हो,” ती म्हणाली.

भूमिकानं आईकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, “बघ. तुला पण तेच सोपं वाटलं.”

तुमच्याही घरात एखादं दार सारखं लागलेलं असेल. हातातली पोळी करपू द्या. उठा, दार वाजवा, आत जाऊन जरा बसा. बदाम नेऊ नका.