सुमनवहिनी आणि दुधाची ओळ

सुमनवहिनींच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. जन्मल्यावर ज्यांना आईचं पहिलं, पिवळसर, घट्ट दूध मिळालं ते, आणि ज्यांच्या वाट्याचं ते कोणीतरी पिळून फेकून दिलं ते. या दुधाला त्या ‘चीक’ म्हणतात. जात, शिक्षण, पगार, पक्ष हे सगळं नंतर. पंचायतीतला शिपाई दोनदा सांगून ऐकत नसला की त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणतात, “याचा चीक फेकला असंन.” एखाद्या कारकुनानं पहिल्याच फेरीत काम करून दिलं, तर “पाजला दिसते” एवढीच शाबासकी. माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हा वहिनींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मुलाच्या आईला विचारलं, “पोरगा चांगला हाये जी. चीक पाजला होता का?” मुलगा बँकेत नोकरीला होता. तो कानापर्यंत लाल झाला. आई म्हणाली, “पाजला होता.” वहिनींनी आत येऊन आम्हाला सांगितलं, “होकार देऊन टाका.”

दुर्दैवानं माझा प्रकार दुसरा. माझी आई सरळ स्वभावाची. वहिनींनी विचारल्यावर तिनं कबूल करून टाकलं, की माझ्या वेळी सुईणीनं तीन दिवस नुसतं मधाचं बोट चाटवलं होतं. तेव्हापासून मी सायकलवरून पडलो, खात्याच्या परीक्षेत नापास झालो, किंवा मीठ आणायला जाऊन साखर घेऊन आलो, तरी वहिनी माझी बाजू घेतात. “भाऊजीचा काय दोष? त्याईले चीकच नाही भेटला.” पन्नाशीला आलेल्या माणसाचा असा बचाव कोणी करू नये.

वहिनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कारखान्यात आहे. पवनीच्या पुढे, तळ्याला लागून आमचं गाव, आणि गावच्या अंगणवाडीच्या सेविका म्हणजे वहिनी. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळं झालं त्याच सुमारास त्या कामाला लागल्या. जिल्हा फुटताना कार्यालयातली अर्धी कपाटं तिकडे गेली, पण बाळं तोलायचा काटा आपण हातातून सोडला नाही म्हणून तो इकडे राहिला, असं त्या सांगतात. खरं-खोटं त्यांना ठाऊक. काटा मात्र कायम त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असतो.

माहेर त्यांचं पवनीचं, विणकरांचं. हजार धाग्यांतला एक धागा तिरका गेला तर त्यांना लांबूनच दिसतो. आणि तरीही आमच्या भागात बाईमाणसाला यायलाच हवं ते एक काम त्यांना येत नाही. त्यांना भाताची रोवणी येत नाही. हे गावाला कळायचं काहीच कारण नव्हतं. ते कळलं ते माझ्या शेतात, आणि त्यात शोभा झाली ती माझी.

त्या वर्षी माझी रोवणी गोदाबाईच्या टोळीकडे होती. टोळीत बारा बाया. त्या कमरेत वाकून एका रांगेत उभ्या राहतात आणि रोपं चिखलात खोवत खोवत मागे सरकतात. प्रत्येकीची आपली ओळ. एक बाई उठून गेली, की तिच्या वाट्याची जमीन उघडी राहते आणि सगळी टोळी खोळंबते. काम ठेक्याचं, माझ्या सगळ्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपली की दुसऱ्याच्या. म्हणून मध्येच ओळ सोडायची नाही, हा टोळीचा कायदा. पाणी प्यायचं तरी सगळ्यांनी एकदम.

त्या बारा जणींत रंजना होती. तिची छकुली चार महिन्यांची. रंजना सकाळी निघे ती दिवस मावळता परत येई, आणि तोवर सासू नातीला बाटलीनं पाणी घातलेलं गाईचं दूध पाजी. अंगणवाडीच्या कार्डावर बाळाच्या वजनाची एक रेघ असते. छकुलीची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली होती आणि लालकडे निघाली होती. वहिनी कार्ड घेऊन रंजनाच्या घरी गेल्या. मीही सोबत होतो, कारण पावसात त्यांना छत्री धरायला कोणीतरी लागतं.

“हिले दूधच नाही ना येत,” सासू म्हणाली. “आटलं तिचं.”

“दिवसभर पाजतच नाही तर येईन कोठून? लेकरू जेवढं ओढते तेवढं दूध बनते. रंजने, लेकरू शेतावर ने.”

“नेईन बाई, पण ओळ सोडू देत नाहीत.”

“मंग रोवणी कोण करन,” सासू म्हणाली, “तुमी?”

वहिनींची एक खोड आहे. त्यांना टोमणा कळत नाही. टोमण्याला त्या सूचना समजतात.

“हो,” त्या म्हणाल्या. “मी करन.”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी उघडायच्या आधी वहिनी माझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर हजर. सासू नातीला घेऊन आली होती. वहिनींनी माझ्या हातातली छत्री काढून घेतली, तिच्याखाली सासूला आणि बाळाला बसवलं, आणि मला खताच्या पिशवीची खोळ करून दिली. शेतमालक म्हणून माझा जो काही रुबाब होता, तो तिथंच संपला.

“बाई, तुमी पोट्ट्याईले गाणे शिकवा,” गोदाबाई चिखलातून म्हणाली. “हे तुमचं काम नव्हे.”

“शिकव ना मंग मले. मीबी तर शिकवतोच ना लोकाईले.”

वहिनी पातळ खोचून चिखलात उतरल्या, आणि रंजना पाजायला गेली. सकाळी एकदा, आणि अंगणवाडी सुटल्यावर दुपारी एकदा, असं ठरलं. मधल्या जेवणाच्या सुट्टीत रंजना पाजणारच होती.

वहिनींची रोवणी पाहून बगळेसुद्धा बाजूला झाले. कुठे चार रोपं एकावर एक, कुठे हातभर मोकळं. ओळ निघायची तळ्याच्या दिशेनं आणि पोचायची माझ्या दिशेनं. बघता बघता निम्मी रोपं पाण्यावर तरंगायला लागली.

“वहिनी,” मी खोळीतून म्हणालो, “रोपं वर येऊन राहिली.”

“येऊ द्या. लेकराच्या घशाखाली काय चाललं तिकडं ध्यान द्या.”

“पण ओळ वाकडी जाऊन राहिली.”

“धान वाकडं आलं म्हणून भात वाकडा शिजते का, भाऊजी?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. का सुचलं नाही, याचं कारण त्यांनी गोदाबाईला सांगितलं आणि अख्खी टोळी माझ्याकडे पाहून हसली. संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्या एकानं सायकल थांबवून विचारलं, “का जी, या बांधीत म्हैस लोळली का?”

आठवड्यानं वहिनींनी छकुलीला काट्याला लावलं. वजन होतं तेवढंच. रेघ आडवी, पिवळ्या पट्ट्याच्या अगदी तळाशी.

सासूच्या पदराखाली बाटली पुन्हा दिसायला लागली. वहिनींनी रंजनाला स्पष्ट सांगितलं: पुढच्या आठवड्यात रेघ वर वळली नाही, तर लेकराला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करावं लागेल. म्हणजे रंजनाची अख्खी रोवणी गेली, आणि ‘हिला दूध नाही’ हे घरात कायमचं ठरलं. रंजना मान खाली घालून ऐकत होती. वहिनी त्या दिवशी माझ्याशीसुद्धा भांडल्या नाहीत. त्यावरून मला कळलं, की त्या घाबरल्या आहेत.

चूक कुठे होती, ते शोधलं गोदाबाईनं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी वाकून रोपं खोवत होत्या आणि रंजना धुऱ्यावर पाजत होती. पाजता पाजता तिची नजर सारखी बांधीत. वहिनींची ओळ मागे पडली, शेजारणी थांबल्या, तशी रंजनानं घाईघाईनं बाळ सोडवलं, सासूच्या मांडीवर दिलं आणि पळत चिखलात उतरली. छकुली तोंड हलवत रडायला लागली.

गोदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काहून उठली व?”

“ओळ राहिली ना माही. सगळ्या थांबल्या.”

“किती वेळ पाजलं?”

रंजना खाली वाकून रोपं खोवायला लागली.

वहिनी हातात रोपांची जुडी घेऊन तशाच उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावर चिखलाचा एक फराटा होता. “म्हणजे माह्या रोवणीच्या पायी लेकरू अर्धपोटी उठून राहिलं,” त्या म्हणाल्या. सुमनवहिनींना स्वतःची चूक कबूल करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“तुमच्या रोवणीच्या पायी तर बगळेबी उपाशी हायेत,” गोदाबाई म्हणाली. बाया हसल्या. पण गोदाबाई हसत नव्हती. तिनं बांधीवरून एकदा नजर फिरवली. “बाई, तुमी मधात नोका राहू. या टोकाले धुऱ्याजवळ या. तुमच्याजवळच्या दोघी हात लांब टाकतील आन् तुमची अर्धी ओळ उचलतील. आन् तू व रंजने, जा बस तिकडं. इकडं पाहायचं नाही.”

“किती वेळ बसू?”

उत्तर वहिनींनी दिलं. “लेकरू सोडन तवा. मायनं सोडायचं नसते.”

त्या दिवसापासून टोळीच्या कायद्याला पहिली दुरुस्ती झाली. रंजना बांधीकडे पाठ करून बसायला लागली. तिनं मान वळवलीच, तर बारा बाया एकदम ओरडायच्या. त्या ओरडण्यानं छकुली दचकायची, मग बारा बाया एकमेकींना गप्प करायच्या. सासूचं काम एकच उरलं: छत्री धरणं. दोन दिवस ती छत्री रागानं धरत होती. तिसऱ्या दिवशी तिनं रंजनाच्या पाठीशी टेकायला गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, “टेकून बस. आखडशीन.”

पुढचं वजन धुऱ्यावरच झालं. वहिनींनी मोहाच्या फांदीला काटा टांगला, छकुलीला झोळीत घातलं. टोळीनं काम थांबवलं. चिखलानं भरलेले हात अधांतरी धरून बाया भोवती उभ्या, आणि खोळीतला मी मागे टाचा उंचावून. काटा हलला, थरथरला, थांबला. वहिनींनी आकडा एकदा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला आणि कार्डावर ठिपका दिला. मग आदल्या ठिपक्यापासून रेघ ओढली. वहिनींच्या हातून गेलेली ती एवढी एकच रेघ मला सरळ वाटली, कारण ती वर गेली होती.

“चढली का व?” सासूनं विचारलं.

“चढली.”

गोदाबाईनं रंजनाच्या पाठीत असा धपाटा घातला की पाच बोटांचा चिखल लुगड्यावर उमटला. “आटलं म्हणे दूध,” ती म्हणाली, पण सासूकडे न पाहता. माझ्या बांध्या संपून टोळी पुढच्या शेतांवर गेली, तशा वहिनीही टोळीमागून गेल्या. रोवणी संपायच्या आत छकुलीची रेघ हिरव्या पट्ट्यात पोचली, आणि ती बाटली सासूनं दिव्याचं तेल ठेवायला घेतली.

पुढच्या हंगामात गोदाबाई ठेका ठरवायला माझ्याकडे आली. “भाऊ, तेरा बाया येतील, पैसे तेराचे. ओळी बाराच.”

“तेरावी कशाला?”

“ते दुधाची. यंदा दोघीचे लेकरं लहान हायेत. जे माय उठन, तिची ओळ ते धरन. जमत असंन तं सांगा, नाही तं दुसऱ्याची बांधी पाहतो.”

मी हो म्हणालो. घरात आमच्या सौ. दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या, हेही एक कारण. त्या पावसाळ्यात आसपासच्या गावांतल्या दोन टोळ्यांनीही तेरावी बाई घेतली. अंगणवाडीच्या बैठकीत कोणा मोठ्या बाईंनी वहिनींना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. परत येताना वहिनी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाळंतिणीशी बाळाला नीट धरण्यावरून भांडल्या, म्हणजे सगळं ठीक होतं.

रोवणीच्या पहिल्या दिवशी वहिनी नेहमीसारख्या पातळ खोचून धुऱ्यावर आल्या. अंगणवाडीला सुट्टी होती. एक आई उठली. वहिनी पुढे झाल्या, तोवर तेरावी बाई ओळीत उतरलीसुद्धा. तिचा हात इतका सराईत, की ओळ थांबली कुठे तेही कळलं नाही.

“बसा बाई,” गोदाबाई म्हणाली. “आता तुमाले त्रास नाही.”

वहिनी बसल्या. खोचलेलं पातळ त्यांनी सोडून सारखं केलं. दोन्ही बाळं पोटभर पिऊन झोपली होती, वहिनींना कोणाला काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. तासभर त्या ओळींकडे पाहत होत्या.

दुपारी बाया धुऱ्यावर आल्या, डबे उघडले. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, कांदा. वहिनी उठून जरा लांब, तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“या ना बाई, जेवाले.”

“माहं झालं.”

गोदाबाईनं हातातला घास खाली ठेवला. “काय झालं? काय खाल्लं?”

“चहा झाला ना.”

“आन् काल संध्याकाळी?”

वहिनींनी पायाशी पडलेलं एक रोप उचललं, त्याची माती झटकली. मग म्हणाल्या, “एकटीसाठी चूल पेटवावंसं नाही वाटत व गोदा.”

आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे. पलीकडे भांडं वाजत नाही, हे इतक्या वर्षांत आमच्या लक्षात यायला हवं होतं. 

रंजनानं हाताला धरून वहिनींना आणलं आणि गोदाबाई आणि आपल्यामध्ये बसवलं. गोदाबाईनं डब्याच्या झाकणात भात घातला, वर वरण ओतलं. वहिनींनी पहिला घास घेतला. तेरा बाया हात थांबवून पाहत होत्या.

“अशा काय पाहून राहिल्या व?”

“जेवा,” रंजना म्हणाली. “आमी काही घाईत नाही.”

वहिनी मान खाली घालून जेवल्या. शेवटचं शीतही बोटानं टिपून घेतलं. मग कोणाकडे न पाहता त्यांनी रिकामं झाकण पुढे केलं, आणि गोदाबाईनं परत वाढलं.