पाण्याची फारकत

आमच्या चाळीत पाण्याला 'जळण' म्हणणारा एकच माणूस होता. भावसार अप्पा. त्यांच्याकडे गेलं की ते तांब्या पुढे करून म्हणत, "घ्या भो, जळण घ्या. पण पुरं पिऊ नका, थोडं पेटवायला राहू द्या." नवखा पाहुणा आधी तांब्याचा वास घेई, रॉकेल तर नाही ना म्हणून. मीही घेतला होता.

सिल्वासात आमलीला आमची दहा खोल्यांची चाळ. मी मूळचा नाशिकचा, मसाटच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअरकीपर. अप्पा जळगावकडचे, त्याच कारखान्यात वायरमन. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि वापीहून येणाऱ्या प्रत्येक बसमधून कोणी ना कोणी ट्रंक घेऊन उतरत होतं. बहुतेकांची बायकामुलं गावी, आमच्यासारखे सहकुटुंब राहणारे थोडे. अप्पांची मंडळी मात्र एकदा येऊन गेली होती. वहिनींना दमा. खोली एक, खिडकी एक, स्टोव्ह रॉकेलचा. तीन आठवड्यांत त्यांना धड वाक्य पुरं करता येईना. डॉक्टर म्हणाले, "यांना धुरापासून लांब ठेवा." धूर काही हलेना, म्हणून वहिनींना हलवलं. भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला.

अप्पांनी गॅससाठी नंबर लावला. चौकशीला गेले की खिडकीतला माणूस त्यांच्याकडे असा बघे, जणू अप्पा स्वतःच्याच बारशाचं आमंत्रण मागायला आलेत. वर्ष गेलं, दुसरं गेलं. एक दिवस अप्पा मला म्हणाले, "सरकारचा गॅस नंबरानं येतो. पाण्यातला नळानं येतो. मग वाट कोणाची पाहायची?"

आणि प्रयोग सुरू झाले. लोणच्याच्या सहा बरण्या, टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, धुण्याचा सोडा, सलाईनच्या नळ्या आणि भंगारातून आणलेला बॅटरी चार्जर. ड्यूटीवरून आले की अप्पा बरण्यांपुढे मांडी घालून बसत. काय चाललंय विचारलं की म्हणत, "फारकत करी राहिलो."

"कोणाची?"

"पाण्याची. पाण्यात दोघं राहतात भो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन. संसार असा घट्ट, की बघणाऱ्याला वाटतं एकच जीव आहे. वीज सोडली की दोघं वेगळी होतात. जो जळतो तो आपला."

हळूहळू चाळीत तोच शब्द रूढ झाला. "अप्पा, फारकत कुठपर्यंत आली?" असं आम्ही नळावर खुशाल विचारायचो. घरमालकीण मंगूबेन तेवढ्या चिडलेल्या असत. दिवे गेले रे गेले की त्या अंगणात येऊन ओरडत, "भावसारभाई, बंध करो!" अख्ख्या आमलीचे दिवे गेलेले असत, तरी आरोपी ठरलेला.

मी त्यांचा मदतनीस. म्हणजे मीच मला नेमलं होतं. एकदा अप्पांनी नळीतला वायू साबणाच्या पाण्यात सोडून फुगा केला आणि बजावलं, "हात लांब ठेवून काडी लावा." मी हात लांब ठेवला, पण बघायला तोंड जवळ नेलं. 'फट्ट!' झालं आणि माझी डावी भुवई गेली. सौभाग्यवतींनी काजळाने नवी काढून दिली, ती नेमकी अर्धा इंच वर. आठवडाभर आमचे पुण्याचे मॅनेजर मला विचारत होते, "एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय तुम्हाला?"

पण माझा खरा पराक्रम पुढेच आहे.

वहिनींच्या माहेरच्या गावचा सुरेश आमच्याच कारखान्यात होता, पण खेरडीला खोली करून राहायचा. सुट्टीवर निघताना त्यानं मला गेटवर विचारलं, "गावी अप्पांची खबर काय सांगू?"

मी घाईत होतो, आणि घाईत मी नेहमीच सविस्तर बोलतो. म्हटलं, "मजेत आहेत म्हणावं. रोज ड्यूटी सुटली की फारकतीच्या मागे असतात. दिवाळीच्या आत फारकत झालीच पाहिजे, असं म्हणतात."

सुरेशचं तोंड उतरलं. मला वाटलं, त्याची बस चुकली.

नवव्या दिवशी सकाळी चाळीपुढे रिक्षा थांबली. आधी वहिनींचे भाऊ उतरले, मग त्यांच्या मिशा, मग वहिनी. अप्पांना बाहेरून हाक गेली, "दाजी! फारकत घेऊ राहिले म्हणे?"

अप्पा टॉवेलावरच धावत बाहेर आले. चेहरा असा फुललेला! "आलात? कसं कळलं तुम्हाला? झाली ना! कालच झाली पुरी फारकत! आता फक्त काडीचं काम बाकी."

"काडीमोड पण?" भाऊ ओरडले.

"मोडायची कशाला? ओढायची!"

वहिनींनी पदर खोचला. "नाव काय तिचं?"

"कोणाचं? हायड्रोजन."

"नावावरून आपल्यातली वाटत नाही," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

एव्हाना मला सगळा उलगडा झाला होता आणि मी पाण्याच्या पिंपामागे होतो. वहिनींनी विचारलं, "सुरेशला कोणी सांगितलं?" अख्खी चाळ पिंपाकडे बघू लागली. मी बाहेर आलो, सगळं कबूल केलं, आणि भाऊंनी मला ज्या नजरेनं पाहिलं त्यानं उजवी भुवईही जाते की काय असं वाटलं.

वहिनी आत गेल्या. बरण्या पाहिल्या, नळ्या पाहिल्या. "हे कशासाठी?"

अप्पांचा आवाज एकदम खाली आला. "स्टोव्हचा धूर तुला सोसत नाही. याला धूर नसतो."

"इतक्या दिवसांत एका पत्रात लिहिलं नाही ते?"

"जमल्याशिवाय काय लिहायचं? तूही तिकडं वाट पाहत बसली असती. मी एकटा पाहत होतो, तेच बरं होतं."

भाऊंनी घसा खाकरला आणि घड्याळ पाहिलं. "आक्का, ज्योत दाखवू दे दाजींना. मग बाराच्या बसनं निघू. इथं तुझा दमा पुन्हा वाढायला नको."

अप्पांनी चार्जर लावला. बुडबुडे धरले. वायू साठू दिला. मग त्यांनी नळीच्या टोकाला काडी लावली. काहीच दिसलं नाही. भाऊ माझ्याकडे बघायला लागले.

"उजेडात दिसत नाही," अप्पा म्हणाले. "हात धर ज्योतीवर. लांबूनच."

वहिनींनी हात धरला आणि झटकन मागे घेतला. मग मान पुढे करून एक श्वास घेतला, भीतभीत, अर्धाच. थांबल्या. आम्ही तिघं पुरुष त्यांच्या खोकल्याची वाट पाहत उभे. मग त्यांनी दुसरा श्वास घेतला, पुरा, छाती भरून.

खोकला आला नाही.

"एवढ्याशा ज्योतीवर चहा कधी व्हायचा?" त्यांनी विचारलं.

अप्पा खोटं बोलणारे नव्हते. "संध्याकाळ होईल," ते म्हणाले.

वहिनी भावाकडे वळल्या. "तू हो पुढं. मी चहा घेऊन बघते."

भाऊ थोडा वेळ घुटमळले, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. चूक माझी, म्हणून दूध आणायचं मी अंगावर घेतलं. फळीवरचं लहान भांडं उचलून दाराशी आलो, तर मागून वहिनींनी हाक मारली.

"भाऊजी, ते नको. मोठं न्या. सकाळी पण लागेल."